सुर्ल्याचा सडा आणि एक फोन

आमच्या वाङ्मय मंडळाची पावसानंतरची भटकंती कुठे न्यायची, हे ठरवायचं काम या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. आणि ते पडलं एका इंग्रजी शब्दामुळे.

तिसऱ्या वर्षाला इंग्रजीच्या पेपरात आम्हाला विला कॅथरची 'माय अँतोनिया' ही 1918ची कादंबरी आहे. नेब्रास्काच्या गवताळ मुलखात वाढलेल्या मुलांची गोष्ट. पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, "प्रेअरीला मराठीत काय म्हणाल?" कुणी कुरण म्हणालं. कुणी भूगोलाच्या पुस्तकातला 'गवताळ प्रदेश' बाहेर काढला. सोलापूरकडून आलेला एक मुलगा 'माळरान' म्हणाला, आणि ते बऱ्याच जणांना पटलं. मला नाही पटलं. माळरान म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर माळढोक आणि दुष्काळ येतो, हिरवं काही येतच नाही. मी म्हटलं, "सडा."

वर्ग हसला. अर्ध्या वर्गासाठी सडा म्हणजे वास्कोचा हेडलँड सडा, आणि उरलेल्यांसाठी सकाळी अंगणात घालतात तो शेणाचा.

आमच्या सत्तरीत मात्र सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट, जांभ्या दगडाचं पठार. वर माती बोटभर, कुठे कुठे तेवढीही नाही, त्यामुळे मोठं झाड मूळ धरत नाही. पावसात तिथे पाणी साचतं, मग गवत आणि फुलं, मग पिवळं पडलेलं गवत आणि मार्च-एप्रिलात नुसता तापलेला दगड. आणि जिथे सडा संपतो तिथून एकदम रान सुरू होतं, इतकं दाट की दुपारीसुद्धा आत दिसत नाही. गवत आणि रान एकमेकांना खेटून. हे सगळं मी उभं राहून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग दाखव आम्हाला." झालं.

सुर्ल्याचा सडा मी सुचवला. चोर्ला घाट चढून वर गेलं की सत्तरीचाच हा गाव, साधारण 800 मीटर उंचीवर. इथून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी तिन्ही राज्यं हाकेच्या अंतरावर. मोबाईल दर दहा मिनिटांनी वेगळ्या राज्यात स्वागत करतो. गावाच्या पुढे कड्यावर उभं राहिलं की समोरच्या दरीत दोन वझर शेजारी शेजारी पडताना दिसतात. मंडळातली डिचोलीची एकजण लगेच म्हणाली, "सुर्ल? ते तर आमच्याकडे! तिथे काय बघायचं, खाणी?" तिला समजावलं की डिचोलीचं सुर्ल वेगळं आणि सत्तरीचं सुर्ला वेगळं. (नंतर कळलं की तिने घरी डिचोलीचंच सांगून परवानगी मिळवली होती.)

माझी एक चुलत बहीण अमेरिकेत शिकागोच्या बाजूला राहते. तिला मी हे सगळं कळवलं तर तिने उत्तर म्हणून एका पार्कचा नकाशाच पाठवला. ग्लेशियल पार्क नाव. हिमनदी वितळून मागे सरली तेव्हा तिने आणून टाकलेली वाळू आणि गोटे, त्यांच्याच तिथे टेकड्या झाल्या आहेत. टेकड्यांवर प्रेअरीचं गवत, मध्ये ओकची झाडं, एक ओढा. नकाशावर प्रत्येक वाटेचं नाव, लांबी, चढ किती, बाक कुठे, संडास कुठे. ती म्हणाली, "तू पण असाच नकाशा कर ना सगळ्यांसाठी."

मी खरंच बसले करायला. वही उघडली, वर 'सुर्ला' लिहिलं, आणि खाली काय लिहायचं ते सुचेना. तिच्या हिमनदीचं काम काही हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने कालचंच. आमच्या ईशान्येच्या कोपऱ्यात दख्खनचा काळा दगड येतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हातून झाला. त्यावर पाऊस आणि ऊन लाखो वर्षं आलटून पालटून पडत राहिलं, बाकी सगळं वाहून गेलं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं, त्याचा झाला जांभा. तिचं बर्फाचं, आमचं आगीचं आणि पावसाचं. एवढं लिहून झालं, पण वाटेचं नाव, लांबी, बाक कुठे, संडास कुठे? काहीच नाही. वाट कोण दाखवणार हाच मुळात प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं. म्हणूनच वही बंद केली.

उत्तर म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. तिचं नाव इथे घालत नाही, ते तिनेच सांगितलंय.

ती अभयारण्याच्या पट्ट्यातल्या एका लहान गावची, आणि आजोळ सुर्ल्याचं. शिकायला वाळपईला मावशीकडे राहायची, आमच्या घरापासून चार घरं सोडून. आम्ही दोघी पहिलीपासून एकत्र, मराठी शाळेत. ख्रिस्ती मुलगी मराठी शाळेत कशी, असं मला म्हापशाला आल्यावर लोक विचारतात, वाळपईत कुणी विचारलं नव्हतं. जवळ होती ती शाळा, एवढंच कारण.

चवथीच्या आधी तिच्या घरी माटोळी बांधायची असायची. त्यासाठी रानातून काय काय आणावं लागतं! कांगलां, कवंडळं, घागऱ्या, सुपारीची शिपटी. तिचे वडील आणि काका पहाटे निघत आणि आम्ही दोघी त्यांच्या मागून. आणि जूनमध्ये सांजांवला माझ्या डोक्यावर जे कोपेल असायचं त्याच्या वेली आणि फुलंही त्याच रानाच्या कडेची. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी आणि माझ्या डोक्यावरचं कोपेल एकाच डोंगरातून. तेव्हा पास नव्हता, अर्ज नव्हता. म्हणजे असेलही, आम्हाला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की तिच्यासोबत गेलं की वाट आपोआप सापडते. ती पुढे, मी मागे. जळवा लागल्या तर चुना लावायचा, ओरडायचं नाही.

आता ज्याच्यामुळे वही बंद केली ते लिहिते.

जानेवारी 2020. आम्ही दहावीत होतो. म्हादई अभयारण्यात गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घातलं होतं. वाघाने गुरं मारली म्हणून रागाने केलं, असं तपासात पुढे आलं, अटका झाल्या. गोव्यात वाघ आहेत की नुसते येऊन जातात यावर इतकी वर्षं वाद चालू होता, आणि पुरावा आला तो चार मेलेल्या वाघांचा. टीव्हीच्या गाड्या वाळपईत पहिल्यांदाच इतक्या बघितल्या. मैत्रिणीचा गाव तो नव्हे, दूर आहे. पण वर्गात मुलं तिला विचारायचीच, "तुमच्याकडेच ना गो?"

त्याच फेब्रुवारीत शाळेत निबंध स्पर्धा झाली. विषय 'वाघ वाचवा'. मला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीसपात्र निबंध सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवायचा असतो. मी वाचला. त्यातलं एक वाक्य अजून तोंडपाठ आहे: 'जंगलात राहणाऱ्या अडाणी लोकांना वाघाची किंमत काय कळणार?' हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, कुठून उतरवलं नव्हतं. वाचताना त्यावर मी जोरही दिला होता. ती तिसऱ्या बाकावर होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

मग मार्च आला, कोविड आला, शाळा बंद झाली आणि ती गावी गेली. मी कॉलेजला म्हापशाला, ती दुसरीकडे. नाताळला तिच्याकडून मेसेज येतो, चवथीला मी फोटो मागते. भांडण झालं नाही कधी. पण त्या निबंधावर आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. साडेपाच वर्षं.

तर फोन करायच्या आधी मी बाकीची सगळी कामं उरकून घेतली. टाळायचं असलं की माणूस किती कामसू होतो!

पहिलं काम म्हणजे वनखात्याचं कार्यालय. म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरचं, जाहीर झालं 1999 मध्ये, गोव्यात राष्ट्रपती राजवट होती तेव्हा. राज्यपाल जनरल जेकब यांनी ते केलं. निवडून आलेलं सरकार असतं तर झालं असतं का, यावर आमच्याकडे अजून गाडीत, तवेर्नात, सगळीकडे चर्चा होते. अर्ज भरताना 'उद्देश' असा एक रकाना आला. मी विचारलं, "साहित्यिक लिहू?" टेबलामागचे काका हसले. "बाये, कवितेला पास नाही आमच्याकडे. शैक्षणिक लिही." लिहिलं. किती जण, कुठला दिवस, जबाबदार कोण, कुठून आत, कधी बाहेर. आणि पावसात वझराच्या पाण्यात उतरायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. 2023च्या पावसाळ्यात माणसं बुडाली तेव्हा अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी आली होती, ते आठवत असेल. मी म्हटलं आम्ही कड्यावरूनच बघणार. ते म्हणाले, "कड्यावरून वाकू पण नका."

मग फादर प्रिन्सिपलांची सही, पालकांची पत्रं, मिनीबस. म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, केरी आणि घाट. पहाटे साडेपाचला निघायचं कारण घाटात धुकं असतं आणि दुपारनंतर कधीही सर कोसळते. रविवार ठरवला, म्हणजे आमच्यातल्या सहा-सात जणांना शनिवारी संध्याकाळची मीस गाठायला हवी. मम्मीने हे सगळ्यात आधी विचारलं. चपला चालणार नाहीत, छत्री चालणार नाही (वाऱ्यात उलटते), रेनकोट हवा. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला केरीला उतरवण्यात येईल. मुलींसाठी संडासाचं काय, हे कुठल्याच ट्रेकच्या माहितीत लिहिलेलं नसतं, ते आम्ही मुलींनी मुलींना विचारून ठरवलं.

कासला का जात नाही, असंही एकाने मध्येच काढलं. फुलं बघायची तर साताऱ्याचं कास पठार, 2012 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, सगळ्यांनी रील बघितलेत. पश्चिम घाटातल्या 39 जागा त्या यादीत आहेत, गोव्यातली एकही नाही. मी म्हटलं कासला आता बुकिंग करावं लागतं, दिवसाला माणसं मोजून सोडतात. तो म्हणाला, "आणि तुझ्या सुर्ल्याला काय वेगळं? अर्ज तर भरलास." हे मला जरा लागलं, कारण खरं होतं.

कासची एक गोष्ट मात्र मी मुद्दाम वाचली. तिथे फुलं वाचवायला पठाराला कुंपण घातलं होतं. मग काही वर्षांनी असं म्हणणं पुढे आलं की गुरं फिरायची बंद झाली आणि त्याने फुलांवरच परिणाम झाला. कुंपण काढलं. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या पार्कात दरवर्षी गवताला ठरवून आग लावतात. आग नसली तर झुडपं वाढतात आणि प्रेअरीचं रान होऊन जातं. इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण मूळ प्रेअरी जवळजवळ सगळी नांगराखाली गेलेली. पोलादी नांगर त्याच राज्यात 1837 मध्ये जॉन डिअरने केला, आणि मग काही दशकांत गवत संपलं. आता उरलेल्या तुकड्यांना माणसं जाळून जगवतात.

मी हे जेवताना पपांना सांगितलं. पपा कितीतरी वेळ हसत राहिले. "तिकडे आग लावली की कन्झर्व्हेशन, आमच्याकडे लावली की केस!" पण हसणं थांबल्यावर ते गप्प झाले. मार्च 2023ची आग आम्ही दोघांनी घराच्या गच्चीवरून बघितली होती. म्हादईच्या डोंगरांवर कितीतरी दिवस धूर, रात्री लाल रेषा, आणि हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं बादलीने पाणी आणून ओतताहेत. मार्चमधलं ते रान आणि ती अमेरिकेतली ठरवलेली, दोरीच्या मापाने लावलेली आग एक नव्हे, हे पपांनाही कळतं. इथे काय चुकलं आणि कुणी लावली यावर प्रत्येकाकडे एक नाव होतं, आणि प्रत्येकाकडे वेगळं.

पपा आमचे पोदेर. शापाय सासष्टीतून वाळपईला आले, गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी, आणि फोर्न घातला. उंडे, पोयो, काकणं. मी विचारलं, "फोर्नाला लाकूड कुठून यायचं तेव्हा?" पपांनी खिडकीकडे मान केली. खिडकीतून डोंगर दिसतो. "गाडीने यायचं," म्हणाले, "कुणी विचारलं नाही, आम्ही पण विचारलं नाही." आता विकतचं, पावतीचं लाकूड येतं. पण माझं शिक्षण, माझा चष्मा, माझी 'माय अँतोनिया'ची प्रत, सगळ्याच्या तळाशी ते न विचारलेलं लाकूड आहे. निबंध लिहिताना हे मला सुचलं नव्हतं. अडाणी लोक म्हणजे दुसरे कुणीतरी, आम्ही तर पाव विकत होतो.

दुसऱ्या दिवशी फोन केला.

ती आधी खूश झाली. मग मी सांगितलं, अठरा जण, एक दिवस, सुर्ल्याचा सडा, मामाने वाट दाखवली तर बरं होईल, आम्ही पैसे देऊ. पलीकडे शांत.

"कशाला येताय?" तिने विचारलं.

मी प्रेअरी सांगितली, कादंबरी सांगितली. सड्यावर सीतेची आसवं फुलतात, दवबिंदूसारखी किडे खाणारी झाडं असतात, चोर्ल्याला सापडलेल्या एका देवगांडुळाला 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी म्हादईचं नाव दिलं, हेही सांगितलं. सगळं वाचून ठेवलेलं. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "तुम्हाला एक दिवस बघायचंय. आम्हाला रोज राहायचंय."

मी काही बोलले नाही. ती बोलत राहिली. 2023च्या जुलैत हायकोर्टाने म्हादई आणि बाजूची अभयारण्यं तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र करा म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. त्यानंतर तिच्या गावात संध्याकाळी दुसरा विषय नाही. उठवणार का, कुठे नेणार, काजूंचं काय, देवाचं काय. गेल्या वर्षी त्यांची एक पाडी गेली, बिबट्याने की वाघाने ते कळलं नाही. मग फोटो, पंचनामा, कागद. तिची आजी त्या पाडीसाठी दोन दिवस जेवली नव्हती. "आणि तरी माझी आजी वाघाला वाघ म्हणत नाही, माहिताय? नाव घेत नाही. देवाचं जनावर म्हणते. तुझ्या निबंधात हे नव्हतं."

म्हणजे लक्षात होतं तिच्या.

मी म्हटलं, "ते वाक्य..." आणि पुढे जीभ वळेना. सॉरी म्हणायला साडेपाच वर्षं घेतली आणि तेव्हाही नीट म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "मी चुकीचं लिहिलं होतं." ती म्हणाली, "वाघ वाचवा हे बरोबरच होतं गो. मला पण वाचलेलेच हवेत. पण तू ते माझ्याकडे बघून वाचलं नाहीस." मी बघितलं नव्हतं, हे खरं. वहीत बघत होते. मग दोघीही थोडा वेळ गप्प. तिच्या बाजूने कुठेतरी कोंबडा ओरडत होता, भर दुपारी.

तिने शेवटी एवढंच सांगितलं की मामाला विचारते. चार दिवस काहीच आलं नाही. त्या चार दिवसांत मी दोन पर्यायी जागा काढून ठेवल्या. केरीची आजोबाची तळी, ती देवराई आहे आणि बसला सोपी. नाहीतर बांबरची निरंकाराची राय, जायफळाच्या जातीची झाडं पाण्यात मुळं वर काढून उभी असतात ती. राजेंद्र केरकरांचे लेख वाचून आमच्यापैकी दोघांना या दोन्ही जागा माहीत होत्या. पण खरं सांगते, माझं मन लागत नव्हतं. प्रश्न जागेचा राहिलाच नव्हता.

पाचव्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. मामा हो म्हणतो. पण अठरा नाही, बारा. सड्यावर एका रांगेत चालायचं, फुलांत कुणी झोपून फोटो काढायचा नाही, पाणी साचलेल्या ठिकाणी पाय घालायचा नाही कारण बेडकांची अंडी असतात. आणि सोमवारी या, रविवारी नको, रविवारी बेळगावकडून गाड्या येतात आणि मामाला त्यांच्यामागे धावावं लागतं. चवथ होऊन पंधरा दिवस झाले की फुलं बरी असतील, गवत अजून कंबरेला लागलेलं नसेल. पैसे घेणार नाही. जेवण मामीकडे, पण मामी बारा जणांसाठी भाकऱ्या थापणार नाही, तेवढं तुम्ही बघा.

म्हणजे सगळा नकाशा पुन्हा. सोमवार म्हणजे कॉलेजची रजा, म्हणजे फादरांची पुन्हा सही, अर्ज पुन्हा, दिवस बदलला आणि माणसं बदलली. मिसेचा प्रश्न मात्र सुटला. अठरातून सहा कोण कमी करणार? मी चिठ्ठ्या टाकल्या. डिचोलीवालीची चिठ्ठी आली, आता ती घरी खरं सांगते की नाही ते बघायचं. सोलापूरच्या मुलाची नाही आली, पण मी माझ्या हक्काची एक जागा त्याला दिली, कारण माळरान आणि सडा यातला फरक त्याला दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मग तू?" मी म्हटलं मी मोजायचीच नाही, मी मामीला मदत करायला जाते.

जेवणाचं पपांनी मनावर घेतलंय. आधी आमच्या मुलांनी चोरीस-पाव ठरवला होता, तो मी रद्द केला. मामीच्या घरात तो कसा न्यायचा? आता पपांच्या पोयो आणि मामीची अळसांद्यांची भाजी. माझा हात अजून माझ्या वहीवर आहे, बहिणीच्या नकाशासारखा नकाशा काही होत नाहीये. वाटेला नाव नाही. मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला? मामा पुढे, तुम्ही मागे."

हा लेख पाठवायच्या आधी मी तिला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. या वेळी व्हिडिओ कॉल केला. तिने दोन ठिकाणी थांबवलं. एका ठिकाणी माझं वाक्य होतं, 'तिचं कुटुंब अभयारण्यात राहतं.' ती म्हणाली, "काट. आम्ही अभयारण्यात राहायला गेलो नाही. आम्ही होतो तिथेच होतो, अभयारण्य आलं, नव्याण्णवला." काटलं. दुसरं वाक्य तिच्या आजीबद्दल होतं, तेही काटलं, ते काय होतं ते सांगत नाही. 'वाघ वाचवा' निबंधाची वही माझ्याकडे अजून आहे का, असं तिने विचारलं. आहे. ती म्हणाली, "सोमवारी घेऊन ये. मामाला वाचून दाखवू, त्याला बरी गंमत वाटेल."

मला त्यात गंमत काय ते अजून कळलेलं नाही. पण वही बॅगेत घातलीय, प्लास्टिकच्या पिशवीत, चुन्याच्या डबीच्या शेजारी. पोयो पंचवीस सांगितल्यात. पपा म्हणाले तीस करतो, डोंगरावर भूक लागते.